कुंपणाला झुडूप लावावे की वेल?

शेत असो की परस, राखण नसेल तर पिकलेले घरात येत नाही. तीन महिने पाणी घालावे, निंदणी करावी, आणि एका रात्रीत कोणाची तरी शेळी येऊन सगळे फस्त करून जावी. सकाळी उठून पाहावे तर वांग्यांचे नुसते दांडे उभे! असे ज्याच्या घरी झाले आहे, त्याला कुंपणाची किंमत सांगावी लागत नाही.

कुंपणाला काही गावी वई म्हणतात. कोकणात दगड रचून गडगा घालतात. देशावर बोराटीच्या आणि बाभळीच्या फांद्या तोडून आणतात व हद्दीवर रोवतात. हे वाळल्या काट्यांचे कुंपण झटपट होते, पण टिकत नाही. ते पावसात कुजते. वाळवी त्याला खाते. उरलेले कोणी चुलीला नेते. दुसऱ्या वर्षी पुन्हा रानात जा, पुन्हा काटे तोडा, पुन्हा भारे वाहा. हे काम बहुधा घरातल्या बायामाणसांच्या डोक्यावर येते. शिवाय दरसाल झाडे तुटतात ती वेगळीच.

त्यापेक्षा जिवंत कुंपण बरे. ते दोन तऱ्हांनी करतात. एक, झुडपे दाट लावून त्यांचीच भिंत करायची. दुसरी तऱ्हा म्हणजे तार, काठ्या किंवा गडगा असेल तर त्यावर वेल चढवायचे. या दोहोंतून आपल्या परसाला काय लावावे, ते आज आपण पाहू.

सासू-सुनेचा वाद

एका घरी हाच प्रश्न निघाला. मृगाचा पाऊस तोंडावर आला होता.

सून म्हणाली, "आत्याबाई, यंदा कुंपणाला दोडका, कारलं, घोसाळं लावू या. दर बाजाराला भाजीचे पैसे जातात. घरच्या घरी भाजी होईल."

सासू म्हणाली, "अगं, भाजी होईल, पण किती दिवस? दिवाळी झाली की वेल वाळले. मग कुंपण उघडं. त्यापेक्षा मेंदी लाव. एकदा धरली की वर्षानुवर्षं बघायला नको."

"पण मेंदी का खायची आहे, आत्याबाई?"

"आणि तुझा दोडका गाईला अडवणार आहे व्हय? उलट पाला बघून ती आधी तिथंच येईल!"

सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "दोघींचंही खरं आहे. पण आपल्याला कुंपण कशाला हवं, ते तर आधी ठरवा."

मंडळी, सगळे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. झुडूप राखण करते. वेल भाजी देतो, फुले देतो, आडोसा देतो, पण राखण करीत नाही. राखणदाराचे काम वेलाला सांगितले तर फसगत होते. आणि ज्या अंगणाला राखण आधीच आहे, तिथे झुडूप लावून जागा अडवली तर भाजीला मुकावे लागते.

आधी हे तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: मोकाट गुरे येतात का? पावसाळ्यात गुरे गुराख्याबरोबर असतात. रानातली पिके निघाली की अनेक गावांत गुरे मोकळी सोडतात. हा काळ हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंतचा. पावसाळी वेल नेमके याच वेळी वाळून गेलेले असतात. म्हणजे गरज मोठी, आणि कुंपण नाही. अशा जागी झुडूपच पाहिजे.

दुसरा प्रश्न: मजबूत आधार आहे का? वेलाला स्वतःचा कणा नसतो. भिजलेला वेल, त्यावर लोंबणारी फळे आणि वरून वारा, एवढे ओझे त्या आधाराने पेलले पाहिजे. जुन्या, वाळवी लागलेल्या काठ्यांवर वेल चढवला तर श्रावणात वेलही खाली आणि कुंपणही खाली. चांगली तार किंवा पक्का गडगा असेल, तर मात्र वेल खुशाल लावावा.

तिसरा प्रश्न: जागा किती आहे? झुडपाचे कुंपण दोन-तीन फूट रुंदी खाते. त्याची मुळे त्याहूनही दूर जातात आणि शेजारच्या वाफ्यातले खतपाणी ओढतात. "कुंपणच शेत खातं" अशी म्हण आहे. माणसांच्या बाबतीत ती आपण वापरतो, पण झाडांच्या बाबतीतही ती खरी आहे. म्हणून झुडपापासून भाजीचा वाफा तीन फूट दूर ठेवावा. वेलाला मात्र बुडाशी एक आळे पुरते. परस अगदी लहान असेल, तर वेल परवडतो.

कोणते झुडूप घ्यावे?

मेंदी: ही सगळ्यांच्या ओळखीची. फाटा लावला तरी जगते. छाटत गेले की दाट होते. जून फांद्यांची टोके काट्यासारखी टोचतात. पाला वाटून बायका हातावर लावतात. पाणी कमी असले तरी ती तग धरते.

कोयनेल: हिला कडू मेंदी असेही म्हणतात. पाला कडू असल्यामुळे शेळ्या फारशा तोंड लावीत नाहीत. ही बारा महिने हिरवी राहते.

करवंद: ही सावकाश वाढते. कुंपण व्हायला तीन-चार वर्षे लागतात. पण एकदा वाढली की तिच्या काट्यांतून कुत्रेसुद्धा जाणार नाही. वर करवंदे खायला मिळतात. कच्च्यांचे लोणचे होते. बी मात्र ताजे पेरावे, ठेवलेले बी उगवत नाही.

सागरगोटा आणि चिल्हार: यांचे काटे आकडीसारखे वाकडे असतात. कापडात अडकले की सुटत नाहीत. ही झाडे अर्धी झुडूप, अर्धी वेल अशी आहेत. फार पसरतात, म्हणून ती शेताच्या हद्दीला बरी, घराजवळ नकोत. सागरगोट्याचे बी फार टणक असते. ते दगडावर घासून, रात्रभर पाण्यात ठेवून मग लावावे.

गिरिपुष्प: याला उंदीरमारी असेही नाव आहे. पावसाच्या सुरुवातीला तीन-चार फुटांचे खुंट रोवले की फुटतात. पाला शेतात घातला तर उत्तम खत होते. नुसत्या खुंटांमधून शेळी सहज जाते. पण त्यांना तार बांधली तर हे जिवंत खांब होतात. लाकडी खांबासारखे ते कुजत नाहीत.

शेर: कोरड्या, खडकाळ जागी हा उत्तम. जनावर खात नाही. पण याचा चीक फार वाईट. डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते, दिसेनासे होते. शेर तोडताना तोंड दूर ठेवावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. चीक डोळ्यांत गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि लगेच दवाखान्यात जावे.

मोगली एरंड: हाही जनावरे खात नाहीत. पण याच्या बिया विषारी असतात. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात, आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. ज्या घरात लहान मुले आहेत, तिथे हे झाड लावू नये.

घाणेरी म्हणजेच टणटणी, आणि वेडी बाभूळ यांना तर हद्दीवरही जागा देऊ नये. कुंपण म्हणून आणलेले झाड पुढे शेत गिळते. फड्या निवडुंगाची गोष्ट अशीच झाली. हा मूळचा अमेरिकेतला. आपल्या देशात तो इतका माजला की रानेच्या राने त्याने व्यापली. अखेर १९२६ साली त्याच्यावर जगणारा एक बारीक किडा बाहेरून आणून सोडला. हा किडा पांढऱ्या कापसासारखा दिसतो. त्याने दक्षिण भारतात निवडुंगाचा फडशा पाडला, तेव्हा कुठे जमीन मोकळी झाली.

एका मोठ्या कुंपणाची हकीकत

जमीन पाहून झाड निवडावे, ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, ते एका खऱ्या हकीकतीवरून कळेल.

इंग्रज सरकारने मिठावर कर बसवला होता. मीठ चोरून इकडून तिकडे जाऊ नये, म्हणून सरकारने पंजाबापासून मध्य प्रांतांपर्यंत एक जकातीची रेषा आखली. तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण उभे केले. १८६७ ते १८७० या काळात ह्यूम नावाचे साहेब या खात्याचे प्रमुख होते. १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली, तिच्यात पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.

आधी वाळल्या काट्यांचे कुंपण होते. ते वाळवी खाई, वादळात उडून जाई, आगीत जळे. तेव्हा ह्यूम यांनी जिवंत झुडपे लावायला घेतली. कोणत्या जमिनीत काय जगते, हे त्यांनी लावून पाहिले. कुठे बोर लावली, कुठे बाभूळ, कुठे करवंद, तर कुठे निवडुंग. जमीन वाईट होती तिथे खणून चांगली माती भरली. चांगल्या जागी हे कुंपण दहा ते चौदा फूट उंच झाले. १८७९ साली सरकारने ही रेषाच मोडली आणि कुंपण उजाड झाले.

गरिबाच्या मिठावर कर घेण्यासाठी ते कुंपण होते. ते गेले हे बरेच झाले. पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. वाळले काटे टिकत नाहीत, आणि एकच झाड सगळ्या जमिनीत चालत नाही. आपल्या शिवारात आपोआप कोणते काटेरी झुडूप जोमाने वाढते, ते आधी पाहावे. बहुतेक तेच आपल्या कुंपणाला योग्य असते.

झुडूप कसे लावावे?

उन्हाळ्यात हद्दीच्या आतून दीड फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणावा. त्यात शेणखत आणि माती मिसळून भरावी. पाऊस चांगला लागला की फाटे लावावेत. मेंदीचा फाटा पेन्सिलीएवढा जाड आणि वीतभर लांब घ्यावा. अर्ध्याहून अधिक मातीत पुरावा. दोन ओळी कराव्यात. ओळीत फुटाफुटावर एक फाटा लावावा. दुसऱ्या ओळीतला फाटा पहिल्या ओळीतल्या दोन फाट्यांच्या मधोमध यावा. म्हणजे फट राहत नाही.

आता हिशोब करू. परस ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे. चारी बाजू मिळून ३० + २० + ३० + २० = १०० फूट. फाटकासाठी ४ फूट सोडले. राहिले ९६ फूट. दोन ओळी, म्हणून ९६ × २ = १९२ फाटे. काही मरतात, म्हणून २२० आणावेत. उरलेले एका कोपऱ्यात लावून ठेवावेत. कुंपणात एखादा मेला की तिथे हे उपयोगी पडतात.

पहिली दोन वर्षे कुंपणालाच कुंपण लागते, हे विसरू नये. तोवर बाहेरून वाळले काटे लावून ठेवावेत.

यापुढची गोष्ट पुष्कळांना पटत नाही. झुडूप कमरेएवढे झाले की ते गुडघ्याएवढे छाटावे. आम्ही ज्या शाळेत होतो, तिच्या बागेला मेंदी होती. कात्री लावायची वेळ आली की मुले म्हणत, "गुरुजी, एवढी वाढलेली मेंदी का कापायची?" आम्ही त्यांना दोन हात न छाटलेली मेंदी दाखवीत असू. ती वर उंच आणि खाली नुसते दांडे. त्यातून कोंबडी काय, शेळीसुद्धा पार होई. छाटलेली मात्र बुडापासून दाट. मुलांना न बोलता पटे. शेंडा कापला की बाजूने फुटवे येतात. छाटताना बूड रुंद आणि माथा निमुळता ठेवावा. मग बुडालाही ऊन मिळते आणि खालची पाने झडत नाहीत.

वेल कसा चढतो?

सगळे वेल सारखे चढत नाहीत. दोडका, कारले, दुधी, काकडी यांना तणावे असतात. बोटासारखा तो तणावा बारीक काडीला किंवा तारेला गुंडाळतो. जाड खांब त्याच्या मिठीत मावत नाही. म्हणून खांबाला सुतळी बांधून द्यावी. वाल आणि घेवडा यांना तणावे नसतात. त्यांची वेलच आधाराभोवती पिळे घालीत वर जाते. त्यांना उभी काठी चालते. मिरीचा वेल मुळ्यांनी खोडाला धरून चढतो. म्हणून कोकणात तो पांगाऱ्यावर चढवतात.

मृगाच्या पावसात बी टोकले तर दोडका दीड-दोन महिन्यांत धरतो. पहिली फुले नुसतीच गळतात. त्याने घाबरू नये. ती नरफुले असतात. मादीफुलाच्या देठाशी लहानसे फळ आधीपासून दिसते. नरफुलाचा पराग मादीफुलावर न्यायला माश्या-किडे लागतात. म्हणून फुले आली असताना विषारी औषध मारू नये. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. स्वतः पाहून खात्री करा.

फळमाशीने टोचलेले कारले किंवा दोडका सडतो. तो तिथेच टाकू नये. खोल पुरावा. नाहीतर त्यातल्या अळ्यांच्या माश्या होऊन पुढची फळे टोचतात.

दरवर्षी बी टोकायचे नसेल तर तोंडली लावावी. ती काही वर्षे टिकते. पण तोंडलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. ज्या वेलाला फळे लागतात, त्याचाच फाटा आणावा. मायाळूही चांगली. तिच्या पानांची भजी होतात.

दोन्ही हवे असतील तर

त्या घरी शेवटी असेच ठरले. बाहेरच्या तीन बाजूंना, जिथून गुरे येत, तिथे मेंदी लावली. घराकडच्या चौथ्या बाजूला गिरिपुष्पाचे खुंट रोवून तार बांधली आणि त्यावर दोडका व तोंडली चढवली. सासूची राखण झाली, सुनेची भाजी झाली.

पण कोवळ्या झुडपावर मात्र वेल चढवू नये. वेल भराभर वाढतो, झुडपाचे ऊन अडवतो आणि खालचे झुडूप गुदमरून मरते. अमरवेल तर दिसताक्षणी काढावी. पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला की समजा, ती आली. तिला पाने नसतात, जमिनीत मूळ नसते. ती झुडपाचाच रस पिते. नुसते दोरे ओढून भागत नाही, तुकडा राहिला की पुन्हा वाढते. ज्या फांदीला ती चिकटली असेल, ती फांदीच कापून जाळावी.

शेजाऱ्याशी आधी बोला

कुंपणावरून भांडणे होतात. झाड माझे, पण सावली त्याच्या वाफ्यावर. मुळे त्याच्या रानात. एक हात कुंपण सरकले की भावाभावांत बोलणे बंद, आणि मग कचेरीच्या फेऱ्या. दोन पिढ्यांचे पैसे त्यात जातात.

म्हणून झुडपे आपल्या हद्दीच्या दोन फूट आत लावावीत. हद्दीचे दगड हलवू नयेत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे हद्दीच्या खुणा जपणे ही जमीन धारण करणाऱ्याचीच जबाबदारी आहे. शेजारी राजी असेल तर दोघांत मिळून एकच कुंपण करावे. खर्च निम्मा, जागा निम्मी. छाटणी कोणी केव्हा करायची, हे एका कागदावर लिहावे. आता तुम्हाला लिहिता येते. चार ओळी, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि तारीख. कागद दोन करावेत आणि एकेक दोघांनी जपून ठेवावा. अंगठा उठवून दुसऱ्याने लिहिलेल्यावर विसंबण्यापेक्षा आपल्या हाताने लिहिलेल्या चार ओळी बऱ्या.

ध्यानात ठेवा

१. गुरे येत असतील तर झुडूप. पक्का आधार असेल तर वेल.
२. झुडूप आपल्या जमिनीत जगणारे घ्यावे.
३. वाढायला हवे तर छाटायला हवे.
४. घरात मुले असतील तर शेर आणि मोगली एरंड नको.
५. फाटा रोवण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे.

सांगा पाहू

१. पावसाळी वेल राखणीला का उपयोगी पडत नाही?
२. मेंदीचा शेंडा का छाटतात?
३. तोंडलीचा फाटा कोणत्या वेलाचा घ्यावा? का?
४. अमरवेल कशी ओळखावी?

हिशोब करा

परस ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे. फाटकाला ५ फूट सोडायचे आहेत. दोन ओळींत फुटाफुटावर मेंदी लावायची आहे. किती फाटे लागतील?

लिहा

तुमच्या आणि शेजाऱ्याच्या परसामध्ये एकच कुंपण करायचे आहे. त्याचा चार ओळींचा करार स्वतःच्या हाताने लिहा. वर्गात वाचून दाखवा.